नृत्याचा कमरपट्टा : मणिकामाचा एक पाठ

मनुष्याच्या अंगावरील अलंकारांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. कांहीं अलंकार अंगावर स्थिर राहावेत म्हणून केलेले असतात. अंगठी, वाकी, गळ्यालगतची ठुशी हे या वर्गांतील होत. दुसरे अलंकार हालावेत म्हणूनच केलेले असतात. कानांतील झुबे, पायांतील पैंजण, तान्ह्या मुलाच्या करदोट्यास बांधलेला घुंगूर हे त्यांपैकीं होत. पहिल्या वर्गाचा अलंकार घडविणें हें कौशल्याचें काम आहे खरें. परंतु दुसऱ्या वर्गाचें काम त्याहून बिकट आहे. कारण जें हालतें तें घासतें, जें घासतें तें झिजतें, आणि जें झिजतें तें एके दिवशीं तुटतें. सतत हालूनहि न तुटणारा अलंकार हातानें कसा शिवावा, याचा एक उत्तम धडा ईजिप्त देशांतील नर्तकींच्या कमरपट्ट्यांत सांठविलेला आहे. तोच आज आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

या नृत्यास आपल्याकडे 'बेली डान्स' म्हणतात. हें नांव मूळचें नव्हे. फ्रेंच लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत त्यास 'पोटाचें नृत्य' म्हटलें, त्या शब्दाचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि १८९३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें त्यानंतर तें नांव सर्वत्र पसरलें. ज्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली होती. ईजिप्तमधील लोक स्वतः मात्र या नृत्यास 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडील नृत्य, असें म्हणतात. त्यांत कटिभागाची हालचाल मुख्य असते. म्हणून पोशाखाचा सारा भर कमरपट्ट्यावर असतो. हा पट्टा कमरेच्या बारीक भागावर न बांधतां त्याच्या खालीं, कटीच्या हाडांवर, बसवितात.

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, शाळेच्या वार्षिकांत नर्तकीच्या कमरपट्ट्याचें काय काम? प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर आम्ही टाळणार नाहीं. परंतु आधीं वस्तु नीट पाहावी आणि मग तिजविषयीं मत बनवावें हा क्रम आम्हांस बरा वाटतो. म्हणून तें उत्तर लेखाच्या शेवटीं देऊं.

१. दोन प्राचीन नमुने

लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पेट्री संग्रहालयांत मण्यांच्या जाळीचा एक पोशाख आहे. तो वरच्या ईजिप्तमध्यें काऊ या ठिकाणीं १९२३-२४ च्या उत्खननांत सांपडला. तो सुमारें ४४०० वर्षांपूर्वींचा आहे. त्याच्या खालच्या कांठास १२७ लहान शंख लाविलेले असून प्रत्येक शंखांत एक बारीक खडा बसविलेला आहे. पोशाख घालणारी व्यक्ति हालली कीं हे शंख खुळखुळत.

दुसरा नमुना खरोखरीच कमरपट्टा आहे. १९१४ सालीं लाहून येथील उत्खननांत राजकन्या सितहाथोरयुनेत हिच्या थडग्यांतून कांहीं दागिने मिळाले. त्यांत सोन्याच्या पोकळ कवड्यांचा एक पट्टा होता. तो आतां न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. कवड्यांच्या पोटांत धातूच्या बारीक गोळ्या घातलेल्या असल्यामुळें राजकन्या चालूं लागली कीं पट्टा मंजुळ वाजे. आणखी एक खुबी अशी कीं, एका कवडीचे दोन भाग करून तिच्यांतच पट्ट्याचा फांसा लपविला आहे. तो लावला म्हणजे पट्टा कोठें उघडतो हें सहज कळत नाहीं. या पट्ट्यास सुमारें ३८०० वर्षें झालीं.

या वस्तूंपासून आजच्या कमरपट्ट्यापर्यंत अखंड परंपरा चालत आली असें आम्ही म्हणत नाहीं. मधला काळ फार मोठा आहे. पण हालणारा पट्टा करणाऱ्यापुढें जे दोन मुख्य प्रश्न उभे राहतात, ते या दोन्ही वस्तूंत स्पष्ट दिसतात. अंगाच्या हालचालीस डोळ्यांना दिसेल अथवा कानांना ऐकूं येईल असें रूप कसें द्यावें, हा एक. आणि पट्टा सुटूं नये पण त्याचें बंधन दिसूंहि नये, ही युक्ति कशी साधावी, हा दुसरा.

२. रुमालापासून पट्ट्यापर्यंत

एडवर्ड विल्यम लेन या इंग्रज गृहस्थानें कैरो शहरीं राहून अरबी भाषा आत्मसात केली आणि ईजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर १८३६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत 'गवाझी' नांवाच्या धंदेवाईक नर्तकींचें वर्णन आहे. त्यांचा पोशाख शहरांतील मध्यम स्थितींतील स्त्रिया घरांत जो पोशाख करीत त्याच धर्तीचा असे : सैल तुमान, अंगाबरोबर बसणारा लांब झगा, आणि कमरेभोंवतीं सैलसर बांधलेली शाल किंवा कशिदा काढलेला रुमाल. हा चौकोनी रुमाल कर्णावर दुमडीत, त्यामुळें पाठीमागें त्याचें त्रिकोणी टोंक लोंबे. आजचे जे कमरपट्टे पाठीमागें मध्यभागीं निमुळते उतरतात, ते पाहतांना या रुमालाचें स्मरण होतें.

१८३४ सालीं ईजिप्तचा सत्ताधीश महंमद अली यानें या नर्तकींस कैरोमधून हद्दपार केलें. त्या एस्ना, केना, असवान अशा दूरच्या दक्षिणेकडील गांवीं गेल्या. नृत्य मात्र राजधानींतून गेलें नाहीं. तेथें स्त्रीवेषाशीं मिळताजुळता वेष करणारे पुरुष नाचत राहिले. आपल्या तमाशांतील 'नाच्या पोऱ्या' ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. बंदी नृत्यावर नव्हती, नाचणारणीवर होती, हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा.

पुढें १९२६ सालीं बदिया मसाबनी या बाईंनीं कैरो येथें स्वतःचें रंगगृह उघडलें आणि नृत्याचें रूप पालटलें. अंगणांत किंवा दिवाणखान्यांत चार हातांवरून पाहिलें जाणारें नृत्य आतां उंच रंगमंचावर, विजेच्या दिव्यांच्या झोतांत व मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीनें होऊं लागलें. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासहि कमरेची सूक्ष्म हालचाल दिसली पाहिजे, ही नवी गरज उत्पन्न झाली. सैल गांठीच्या रुमालाच्या जागीं ताठ, मण्यांनीं मढविलेला व झालर लाविलेला पट्टा आला. पाश्चात्य रंगभूमि व चित्रपट यांचाहि या बदलावर परिणाम झाला. या रंगगृहांतून तहिया कारिओका व सामिया गमाल यांसारख्या नर्तकी पुढें आल्या. सामिया गमाल हिचा १९४९ सालचा 'अफ्रीता हानिम' हा चित्रपट ज्यांस पाहावयास मिळेल, त्यांनीं तिच्या पोशाखाकडे मुद्दाम लक्ष द्यावें.

३. नाणें, पुतळी व टिकली

कमरपट्ट्यावर जी चकचकीत टिकली शिवितात तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पूर्वीं त्या भागांतील स्त्रिया खरीं नाणींच अंगावर वागवीत. नर्तकींच्या गळ्यांत सोन्याच्या नाण्यांच्या माळा असत. बेथलेहेमच्या विवाहित स्त्रियांच्या उंच टोपीवर सोन्यारुप्याचीं नाणीं ओळीनें शिविलेलीं असत. यांत केवळ हौस नव्हती. ज्या स्त्रीला पेढी नाहीं व जमिनीचा आधार नाहीं, तिचें धन तिच्या अंगावरच सर्वांत सुरक्षित असे.

या नाण्यांत व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्याची कीर्ति मोठी होती. तें प्रथम १२८४ सालीं पाडण्यांत आलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम असे. त्याच्या एका बाजूस संत मार्क याच्यापुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति, व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृति असे. व्यापाराच्या ओघानें हें नाणें हिंदुस्थानांतहि आलें. त्यावरील मानवी आकृतींवरून आपल्या लोकांनीं त्यास 'पुतळी' म्हटलें, आणि अशा नाण्यांची ओवलेली ती पुतळ्यांची माळ. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आजीच्या पेटींत त्या घाटाची माळ असेल.

व्हेनिसच्या टांकसाळीस 'झेक्का' म्हणत. हा शब्द अरबी 'सिक्का' या शब्दावरून आला, व आपला मराठी 'शिक्का' हाहि त्याच कुळांतील. झेक्कांत पाडलेलें नाणें तें 'झेक्किनो'. फ्रेंचांनीं त्याचें 'सिक्विन' केलें, आणि पुढें नाण्यासारख्या चकाकणाऱ्या हलक्या टिकलीसहि इंग्रजींत तेंच नांव पडलें. म्हणजे कैरोच्या नर्तकीच्या पट्ट्यावरील टिकली, आजीच्या माळेंतील पुतळी आणि कचेरींतील कागदावरचा शिक्का यांचें शब्दांच्या जगांत नातें आहे.

टिकल्या आरंभीं धातूच्या पत्र्याच्या असत व वजनास जड होत. १९३० च्या सुमारास जिलेटिनच्या हलक्या टिकल्या निघाल्या. परंतु त्या पाण्यानें व उष्णतेनें विरघळत, आणि नाचणाराच्या अंगास घाम तर येणारच. पुढें निरनिराळ्या प्लास्टिकच्या टिकल्या आल्या व ती अडचण दूर झाली. काचमण्यांचा पुरवठा मुख्यत्वें युरोपांतून होत असे. आजच्या चेक प्रजासत्ताकांतील याब्लोनेत्स हें गांव या धंद्याविषयीं फार दिवस प्रसिद्ध आहे.

४. पट्टा कापण्याचें गणित

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आपण दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा करावयाचा असें समजूं. पुष्कळांस वाटेल कीं एक सरळ लांब पट्टी कापली म्हणजे झालें. तसें केल्यास पट्टा खालच्या बाजूस घट्ट बसतो व वरच्या बाजूस अंगापासून सुटून उभा राहतो. कारण शरीराचा हा भाग डब्यासारखा सरळ नसून खालीं रुंद होत जातो. वरच्या कांठाचें माप ९० सेंटिमीटर आलें तर खालच्या कांठाचें ९६ सेंटिमीटर येऊं शकतें.

यासाठीं पट्टा कमानीसारखा कापावा लागतो. त्या कमानीची त्रिज्या भूमितीनें काढतां येते. एकाच केंद्रबिंदूभोंवतीं काढलेल्या दोन कंसांच्या लांबींचें प्रमाण त्यांच्या त्रिज्यांच्या प्रमाणाइतकें असतें. लहान त्रिज्या क्ष मानल्यास, क्ष भागिले क्ष अधिक १० हें ९० भागिले ९६ च्या बरोबर; यावरून क्ष १५० येतो. म्हणजे जमिनीवर मोठा कागद पसरावा, एका टोंकास खिळा रोवून दोरीनें १५० व १६० सेंटिमीटर त्रिज्येचे दोन कंस काढावेत, आणि आंतील कंसावर ९० सेंटिमीटर मोजून कापावें. बाहेरील कंस आपोआप ९६ भरतो. भूमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

पट्ट्याचा पाया ताठ हवा. नाहींतर मण्यांच्या भारानें तो चुरगळून दोरीसारखा होतो. त्यासाठीं बकरमचे किंवा जाड किंतानी कापडाचे दोन थर एकावर एक ठेवून टीप मारावी व त्यांवर शोभेचें कापड चढवावें. बांधण्याच्या जागीं एक टोंक दुसऱ्यावर चार-पांच सेंटिमीटर यावें, म्हणून तितकें कापड अधिक ठेवावें. अस्तर मात्र एवढ्यांत लावूं नये. सर्व मणिकाम संपल्यावर तें लावावयाचें असतें. त्याचें कारण पुढें येईल.

५. मणी व टिकल्या बसविणें

प्रथम नक्षी कापडावर उतरावी. कागदावर नक्षी काढून तिच्या रेघांवर सुईनें बारीक भोकें पाडावींत, कागद कापडावर ठेवावा व खडूची पूड पुरचुंडींत बांधून वरून थोपटावी. ठिपक्यांच्या कागदावरून रांगोळी काढणाऱ्या मुलींस हें सांगावयास नकोच.

दोरा मजबूत घ्यावा. पूर्वीं सुताचा किंवा रेशमाचा वापरीत. आतां नायलॉनचा अथवा पॉलिएस्टरचा वापरतात. तो दुहेरी करून त्यास मधमाश्यांचें मेण लावावें, म्हणजे तो गुंतत नाहीं व काचेच्या घर्षणानें लवकर कुरतडला जात नाहीं. सुई मण्याच्या भोकांतून दोनदां जाईल इतकी बारीक असावी.

नक्षीच्या रेघा मण्यांनीं भरतांना साधा धावदोरा घालूं नये. सुईंत तीन-चार मणी घ्यावे, रेघेवर निजवावे, सुई खालीं न्यावी. मग मागें येऊन शेवटच्या मण्याच्या अलीकडून ती वर काढावी व त्या मण्यांतून पुन्हां एकवार न्यावी. ही मण्यांची हातटीप होय. हिनें ओळ सरळ राहते व प्रत्येक तिसरा-चौथा मणी दोनदां बांधला जातो. दर चार-पांच टांक्यांनंतर कापडाच्या पाठीमागें एक गांठ मारावी. ही गांठ सर्वांत महत्त्वाची; तिच्यामुळें पुढें कोठें दोरा तुटला तर चार-पांच टांकेच उसवतात, सारी ओळ ओघळत नाहीं.

नळीसारखे लांबट मणी वापरावयाचे असल्यास त्यांच्या दोन्ही टोंकांस एकेक गोल मणी घालावा. नळीची कापलेली कड धारेची असते व ती दोऱ्यास सुरीसारखी कापते. गोल मणी दोघांच्या मध्यें राहून दोऱ्याचें रक्षण करतो.

टिकल्या कौलांप्रमाणें बसवाव्या. छपरावर कौलें घालणारा मनुष्य खालच्या ओळीपासून आरंभ करतो, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीचे सांधे झांकते. तसेंच येथें करावें. प्रत्येक टिकलीनें मागील टिकलीचें भोक व टांका झांकावा. एकटी टिकली बसवावयाची असल्यास सुई टिकलीच्या भोकांतून वर काढून एक बारीक मणी घ्यावा व सुई त्याच भोकांतून परत खालीं न्यावी. मणी भोकाहून मोठा असल्यामुळें तो टिकलीस खुंटीसारखा धरून ठेवतो. मोठे खडे नुसत्या सरसानें चिकटवून विसंबूं नये. सरस वाळून तडकतो. टांका तसा तडकत नाहीं.

६. झालर

पट्ट्याची खरी परीक्षा झालरींत होते. नर्तकीनें कमरेस दिलेला बोटभर झोका झालरीच्या टोंकाशीं वीतभर होऊन दिसतो. येथें पदार्थविज्ञान आपल्या मदतीस येतें. टोंकास जड मणी लावलेली लड ही बऱ्याच अंशीं लंबकासारखी वागते, आणि लंबकाचा आंदोलनकाळ त्याच्या लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक जाऊन-येऊन सुमारें एक सेकंद घेतो. सव्वासहा सेंटिमीटरचा, म्हणजे चौथाई लांबीचा, सुमारें अर्धा सेकंद. म्हणून जलद थरथरीच्या नृत्यास आंखूड झालर शोभते व संथ डौलाच्या नृत्यास लांब. लांब झालर जलद तालावर लावली तर ती तालाच्या मागें राहते व सगळा गोंधळ दिसतो.

आतां थोडी मोजदाद करूं. ११ क्रमांकाचा काचमणी सुमारें दोन मिलिमीटर रुंदीचा असतो, आणि ओवले असतां एका सेंटिमीटरांत असे सुमारें सात मणी बसतात. १५ सेंटिमीटरच्या एका लडीस १०५ मणी लागतात. ९६ सेंटिमीटरच्या कांठावर दर सेंटिमीटरास एक लड घातली तर ९६ लडी, म्हणजे १०,०८० मणी. यांचें वजन सुमारें ९० ग्रॅम भरतें. दर अर्ध्या सेंटिमीटरास लड घातल्यास मणी व वजन दोन्हीं दुप्पट. हें केवळ झालरीचें झालें; पट्ट्यावरील काम निराळें. यांतील प्रत्येक मणी कोणाच्या तरी बोटांनीं सुईंत घेतलेला असतो.

लड करण्याची रीति अशी. पट्ट्याच्या कांठाशीं दोरा पक्का करावा, सर्व मणी ओवावे, शेवटचा मणी सोडून द्यावा व सुई बाकीच्या सर्व मण्यांतून उलट वर आणावी. शेवटचा मणी खालीं आडवा राहून सर्वांस अडवितो. वर आल्यावर दोरा इतकाच ओढावा कीं लड मोकळी लोंबेल; फार ओढल्यास ती काडीसारखी ताठ होते. मग कांठांत टांका घेऊन दोन गांठी माराव्या आणि नंतरच पुढची लड आरंभावी. गांठ न मारतां एकाच दोऱ्यावर साऱ्या लडी करणें हें काम लवकर होतें, दिसतेंहि तसेंच. परंतु एक लड तुटली कीं शेजारच्या लडी पाठोपाठ ओघळूं लागतात.

त्याचा परिणाम काय होतो हें समजून घ्यावें. हें नृत्य करणाऱ्या पुष्कळ नर्तकी अनवाणी नाचतात. रंगमंचावर सांडलेले काचेचे मणी त्यांच्याच पायांखालीं येतात. त्यांवरून पाय घसरतो, फुटलेल्या काचेनें तळवा चिरतो. वाद्यें वाजतच असतात आणि मध्येंच थांबणें शक्य नसतें. शिवणारानें घरीं बसून वांचविलेली एक गांठ दुसऱ्याच मनुष्याच्या पायांत अशी रुतते.

७. पाठीमागची बाजू

सर्व काम झाल्यावर अस्तर लावावें. अस्तर शेवटीं लावण्याचीं कारणें दोन. पहिलें, पाठीमागील शेंकडों गांठी व दोरे त्यानें झांकले जाऊन अंगास टोंचत नाहींत. दुसरें, त्या गांठींचें घामापासून व घर्षणापासून रक्षण होतें. अस्तर मऊ सुती घ्यावें व हातानें बारीक तुरपाई करून बसवावें, म्हणजे दुरुस्तीच्या वेळीं तें सहज उसवतां येतें.

बंदासाठीं मोठे हुक व त्यांच्या कड्या वापराव्या, आणि त्या एकेका थरास न शिवतां सर्व थरांतून शिवाव्या. तीन-चार हुक असावेत. एक निसटला तरी बाकीचे धरून ठेवतील. जोड बाजूस यावा व त्यावर झालरीची एखादी लड पडावी, म्हणजे तो दिसत नाहीं. लाहूनच्या राजकन्येच्या सोनारानें कवडी कापून जें साधलें, तेंच आपण हुकानें साधतों.

असा पट्टा धुऊं नये. नृत्यानंतर वाऱ्यावर वाळवावा, सुती कापडांत सैल गुंडाळून आडवा ठेवावा. खुंटीस टांगल्यास मण्यांचें वजन रात्रंदिवस एकाच टांक्यावर पडतें. एक मणी गळाला असें दिसतांच तेथें टांका घालावा; उद्यांवर टाकूं नये.

कोणी जाणता मनुष्य असा पट्टा विकत घेतांना काय करतो? तो आधीं पुढील बाजू पाहत नाहीं. तो झालरीची एक लड हलकेच ओढून पाहतो, मग पट्टा उलटा करून अस्तराची शिवण पाहतो. चमक दुकानांत सगळ्यांची सारखी असते; शिवण सारखी नसते.

८. पालकांच्या प्रश्नाचें उत्तर

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. शाळेच्या वार्षिकांत या विषयास स्थान कां दिलें?

पहिलें कारण उघड आहे. या एका वस्तूंत भूमिति, पदार्थविज्ञान, इतिहास, भाषाशास्त्र व शिवणकाम हे पांच विषय एकत्र भेटतात. संमेलनांतील नाटकासाठीं राजाचा कमरपट्टा करावयाचा असो, तोरण करावयाचें असो किंवा बटव्यास झालर लावावयाची असो, वर सांगितलेले नियम तेथेंहि जसेच्या तसे लागू पडतात.

दुसरें कारण त्याहून महत्त्वाचें आहे. जाहिरातींत नर्तकीचें नांव येतें. दहा हजार मणी ओवणारीचें येत नाहीं. तिच्या कामाची पाहणी करण्यास रंगमंचावर कोणी जात नाहीं. तरीहि प्रत्येक लडीमागें दोन गांठी मारणें हें तिनें स्वतःच स्वतःस घातलेलें बंधन असतें. आमच्या मुलांमुलींनीं हातकामास पुस्तकी अभ्यासाहून हलकें समजूं नये, ही गोष्ट अशा उदाहरणानें जितकी पटते तितकी उपदेशानें पटत नाहीं.

तिसरें कारण सांगतांना आम्हांस थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. नर्तकीच्या वस्तूचें नांव काढतांच आपण जो संकोच करतों, तो त्या वस्तूमुळें नसून त्या स्त्रीविषयींच्या आपल्या समजुतीमुळें असतो. कैरोंत १८३४ सालीं नर्तकींस घालवून दिलें, पण नृत्य पाहणें कोणी सोडलें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतहि लावणीस टाळी देणारे हात व ती नाचणारणीस नांवें ठेवणारें तोंड पुष्कळदां एकाच मनुष्याचें असतें. याच्या उलट एक उदाहरण देतों. एडवर्ड सैद हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत साहित्याचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांनीं शाळकरी वयांत कैरो येथें तहिया कारिओका हिचें नृत्य पाहिलें होतें. १९९० सालीं त्यांनीं तिच्यावर आदरपूर्वक निबंध लिहिला व तिची कला अभ्यासाच्या योग्यतेची मानली. कोणतें नृत्य आपल्या घरीं शोभतें हें प्रत्येक कुटुंबानें आपल्या रीतीनें ठरवावें. त्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु जी नाचते तिला व जी शिवते तिला माणूस म्हणून मान देणें, हें आम्ही शाळेंत शिकवण्याजोगें समजतों.

अभ्यास

(१) वरच्या कांठाचें माप ८४ सेंटिमीटर, खालच्या कांठाचें ९१ सेंटिमीटर व रुंदी १० सेंटिमीटर असल्यास दोन्ही कंसांच्या त्रिज्या काढा.

(२) एका दोऱ्यास लहान दगड बांधून २५ सेंटिमीटर व सव्वासहा सेंटिमीटर लांबीचे दोन लंबक करा. एका मिनिटांत दोहोंचीं किती आंदोलनें होतात तें मोजून वहींत लिहा.

(३) कापडाच्या तुकड्यावर दहा लडींची झालर करा. पांच लडी प्रत्येकीस गांठ मारून व पांच गांठीवांचून. मग दोन्ही बाजूंची एकेक लड कात्रीनें कापा, कापड हालवा, व काय होतें तें पाहा. खालीं ताट ठेवण्यास विसरूं नका.

(४) घरांतील वडील मंडळींस विचारून आपल्याकडील हालणाऱ्या अलंकारांचीं नांवें जमवा, व प्रत्येकाचा जोड कोठें लपविलेला असतो तें शोधून काढा.